जुनी पट्टी, नवी पट्टी

मंगळवार, ५ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली. ड्यूटीवर गेले तर ड्रेसिंगच्या खोलीत माझ्या टेबलावर दुसऱ्याच कुणाची पाण्याची बाटली. नवीन सिस्टर आली आहे. केतकी. माणगावकडची, एम.एस्सी. नर्सिंग, वय सत्तावीस. (इथून पुढे के. लिहीन, पूर्ण नाव लिहायचा कंटाळा.) सर म्हणाले, हिच्याकडून आपल्याला खूप शिकता येईल. आपल्याला म्हणजे मला. ते स्वतः काही ड्रेसिंग करत नाहीत.
बावीस वर्षं झाली ह्या ट्रस्टच्या दवाखान्यात. वीस खाटा, सर एकटे सर्जन. श्रीवर्धनपासून हरिहरेश्वरपर्यंत कुणाच्या पायाला काही झालं, चिघळलं, की लोक म्हणतात नलूताईकडे जा. सरांचं नाव मागाहून घेतात. हे गर्वाने लिहीत नाही. (लिहिते आहे. रोजनिशीत कुणाला फसवायचं?)

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
के. दिवसभर माझ्या शेजारी उभी. मी जखमेवर पेरॉक्साइड ओतलं, फेस आला, पुसून घेतला, मग लाल औषध, मग कोरडी गॉज, पट्टी. रोज एकदा. कितीजणींना शिकवलं असेल हे. के. विचारते, "सिस्टर, हे असंच का करतो आपण?"
म्हटलं, असंच करतात.
"पण कुणी तपासून बघितलंय?"
म्हटलं, बावीस वर्षं तपासतेच आहे की. ती वाद घालेल असं वाटलं होतं. नाही घातला. नुसतं वहीत काहीतरी लिहिलं. वाद घातला असता तर तिला चांगलं सुनावलं असतं. हसते छान. दात एकसारखे.

बुधवार, १३ नोव्हेंबर
सरांच्या केबिनमध्ये मीटिंग. के.चं म्हणणं असं: जखम नुसत्या सलाईनने धुवायची, पेरॉक्साइड नको, त्याने नवी येणारी कातडीही मरते. जखम ओलसर ठेवायची, न चिकटणारी मऊ पट्टी लावायची, तिसऱ्या दिवशीच बदलायची. मोठमोठ्या ठिकाणी तपासून झालंय म्हणे. मी म्हटलं, तिथल्या लोकांचे पाय बूटमोज्यांत असतात. आमचे लोक खाडीच्या चिखलात आणि वाडीच्या पाटात उभे असतात. ओली जखम म्हणजे किडे. सर हसले. मला वाटलं माझ्या बाजूने हसले.
मग म्हणतात, भांडू नका, मोजून बघू. दोन आठवडे भरली नाही अशी पायाची कुठलीही जखम आली, पेशंटला सांगायचं, तो हो म्हणाला तर त्याला अभ्यासात घ्यायचं. अर्ध्यांना माझी जुनी पट्टी, अर्ध्यांना तिची नवी. कुणाला कुठली, हे कुणीच ठरवायचं नाही. बंद पाकिटं, वर ओळीने नंबर, आत चिठ्ठी. पुढच्या नंबरचं पाकीट फोडायचं, निघेल ते करायचं. तिच्या कॉलेजच्या समितीची परवानगी आधीच खिशात घेऊन आलेली.
मी विचारलं, पाकिटं कशाला, मला जखम बघितली की कळतं तिला काय हवंय ते. के. म्हणाली, "म्हणूनच, सिस्टर. आपण निवडायला लागलो की आपल्याला हवं तेच दिसतं." सरांनी अशी मान हलवली जशी माझ्यासाठी बावीस वर्षांत एकदा हलवली नाही.
पाकिटं मात्र माझ्या कपाटात राहणार. नलिनीताईंइतकं भरवशाचं कोण, सर म्हणाले. एवढं एक बरं झालं.

बुधवार, २० नोव्हेंबर
सुरू झालं. पाकीट १ नवी. २ नवी. ३ जुनी. ४ नवी. के. चौकटी छापलेला पारदर्शक कागद जखमेवर धरून पेनाने कडा आखते, तारीख घालते, फोटो काढते. पेशंट लोक कौतुकाने बघतात, पायाचा नकाशा काढते म्हणतात. आरावीचे एक आजोबा शहाळी घेऊन आले. आजवर दवाखान्यात शहाळं आलं की माझ्या टेबलावर यायचं. आज तिच्या टेबलावर ठेवलं. तिने अर्धं मला आणून दिलं. मला नकोच होतं. प्यायले.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर
एक गोष्ट झाली. कपाट आवरत होते. पुढचं पाकीट हातात. एक्स-रे बघायचा दिवा चालू राहिलेला. सहज त्याच्यावर धरलं. आतलं अक्षर स्वच्छ दिसलं. 'नवी'.
नुसतं बघितलं. बघायला काय जातंय.

गुरुवार, ५ डिसेंबर
पाकीट १४, आत 'नवी' (दिव्यावर बघितलं होतं). ओळीत आधी जीवना बंदरावरचा एक पोरगेला कोळी, सुरीची छोटी जखम, मागे हलीमाबी. हलीमाबीला साखर, टाचेची जखम तळहाताएवढी, वास येतो, तीन महिने भरत नाही. कोळ्याला म्हटलं आज गर्दी आहे, उद्या ये (१५ 'जुनी' आहे). १४ हलीमाबीला दिलं. के.ला कळू दे खरी जखम कशी असते. पुस्तकात वास येत नाही.
तिने नाक मुरडलं नाही. खाली बसून तासभर धूत होती. पदरात टाकलेली जखम तिने आनंदाने घेतली, आणि चिडले मी.

सोमवार, ९ डिसेंबर
पाकीट १७ 'जुनी'. दिघीच्या मास्तरांची नडगी खरचटलेली, ते घेतले. दांडगुरीच्या सखूबाई (घोट्याजवळ खोल, पू) त्यांच्या आधी आल्या होत्या, त्यांना जेवून या म्हटलं. त्यांना १८, 'नवी'.
हे आज जेवताना म्हणाले, त्या पोरीचं एवढं नाव घेतेस की मला वाटतं रोज तीपण आपल्याकडेच जेवायला असते.

गुरुवार, १२ डिसेंबर
जनार्दनकाका आले. आमच्याच आळीतले, आमच्या वाडीच्या सुपाऱ्या ह्यांच्या वडलांपासून तेच पाडतात. झाडावरून उतरताना अंगठा सोलला, साखर आहे हे कुणाला माहीत नव्हतं, लपवून ठेवलं. जखम लहान, रुपयाएवढी. पुढचं पाकीट २१, 'नवी'.
काका म्हणाले, "तुज्याच हातान् कर गो बाय. त्या नव्या पोरीकडं न्हाय जायचा मी."
त्यांना म्हटलं परवा या. २१ दुसऱ्याला लावलं (गालसुऱ्याचा रिक्षावाला, पोटरी, मोठी जखम).

शनिवार, १४ डिसेंबर
पाकीट २२ 'जुनी'. जनार्दनकाका. स्वतः धुतलं, बांधलं, सुंठ घातलेला चहा दिला. ह्यात वाईट काय? माझी पट्टी चांगली आहे, म्हणून माझ्या माणसाला माझी पट्टी. के.वरचा राग वेगळा. तो नसता तरी काकांना मी तेच केलं असतं.
नसतं केलं बहुतेक.

बुधवार, ८ जानेवारी
के. अलिबागला गेली आहे, सगळ्या तालुक्यांतल्या नर्सांची सभा, तिथे बोलणार. सरांनी गाडी दिली. मला बावीस वर्षांत एस.टी.च्या पासाला पण तीनदा अर्ज करावा लागला होता. तिने विचारलं, सिस्टर, चला ना बरोबर. म्हटलं, वॉर्ड कोण बघणार? खरं म्हणजे साडीसुद्धा काढून ठेवली होती, दोनदा विचारेल म्हणून. दोनदा नाही विचारलं.
पाकीट २९ फिरवलं. बागमांडल्याच्या बोटीवरचा खलाशी, टाच फाटलेली, जुन्या जखमा. 'नवी'.

शुक्रवार, १७ जानेवारी
के. रजेवर, म्हणून तिच्याही पट्ट्या मीच सोडल्या. हलीमाबीची नवी पट्टी अलगद सुटली, खाली लाल ओलसर मांस, दाणेदार. हलीमाबी बोलली. "ती पोरगी पट्टी काडते तेवा मला कलत पन नाय. पयले तू काडायचीस तेवा मी दात खाऊन बसायची, तुला बोलली नाय कदी."
पयले म्हणजे ऑक्टोबरात, महिनाभर, रोज. माझी कोरडी गॉज चिकटायची, मी पाणी मारून ओढायचे. जखम म्हटली की दुखणारच, मी सांगायचे. सगळ्यांना सांगत आले.
घरी येऊन भाजी करपवली.

गुरुवार, ३० जानेवारी
पाकीट ३५, ३६ फिरवली. कुडक्याच्या दोघी सासूसुना, सुनेचं हलकं मला, सासूचं जड तिला. आता सवयीने होतं. दिवा लावते, बघते, मालवते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी
शेवटचा कागद आखून झाला. के. सगळे कागद घेऊन बसली आहे, चौकटी मोजते. सर एकेक फोटो बघून शेरा देतात, कुठली पट्टी कुणाची हे त्यांना न सांगता.

सोमवार, १० मार्च
निकाल. फरक नाही. जुनी तशी नवी, भरायला तेवढेच दिवस.
सर म्हणाले, मग महागडी पट्टी मागवायचं कारण नाही, चाललंय ते चालू दे. के.चा चेहरा उतरला, पण म्हणते काय, फरक नाही हाही निकालच असतो. मग तिने एक कागद पुढे केला. नव्या पट्टीच्या बाजूला सुरुवातीपासूनच मोठ्या जखमा जास्त आल्यात, छोट्या अभ्यासात नशिबाने होतं असं. सरांनी चष्मा काढला. पाकिटं नीट ओळीने फोडली ना, त्यांनी विचारलं.
मी तोंड उघडायच्या आत के. म्हणाली, "ती नलिनीताईंकडे होती, सर." झालं. सरांनी चष्मा पुन्हा घातला.
संध्याकाळी घावणे केले, नारळाचा रस काढला, गूळ-वेलची घातली. ह्यांनी विचारलं आज काय विशेष. म्हटलं काही नाही. जिंकले होते. तीन खाल्ले.

शुक्रवार, १४ मार्च
धुळवड. आळीत ढोल. जनार्दनकाका पालखीला आले नाहीत म्हणून बघायला गेले. अंगठा काळा. तीन महिने बांधतेय मी तो. गेल्या आठवड्यात जरा कडा निळसर वाटली होती, शिमग्यानंतर बघू म्हटलं होतं. सरांना फोन केला. सरांनी पनवेलला पाठवलं.

बुधवार, १९ मार्च
अंगठा काढला. काका घरी आले. म्हणतात, "तुजा काय दोष न्हाय गो. माजी साखरच वाईट."
सुपारीच्या झाडाला फास लावून चढायचं तर अंगठ्याचा जोर लागतो. हे त्यांनी नाही सांगितलं, मला माहीत आहे. त्यांना पाकीट २१ यायचं होतं.

शुक्रवार, २१ मार्च
के.ला आडून विचारलं. समज, जुनी पट्टी झालेल्या एखाद्याचा अंगठा गेला. नवी असती तर वाचला असता?
ती म्हणाली, "एका पेशंटवरून काहीच सांगता येत नाही, सिस्टर. तो नव्या पट्टीनेही गेला असता कदाचित. म्हणून तर आपण सगळे मिळून बघतो." मला धीर द्यायला म्हणाली. काकांचं तिला माहीत आहे.
म्हणजे माझ्यामुळे गेला असंही नाही, माझ्यामुळे गेला नाही असंही नाही. कुणाला विचारणार आता? शिक्षा झाली असती तर बरं, असं वाटतं.

सोमवार, २४ मार्च
के. जेवायला गेली तेव्हा केसपेपर काढून दोन ढीग केले. तिच्या ढिगात हलीमाबी, सखूबाई, रिक्षावाला, खलाशी, कुडक्याची सासू. माझ्यात मास्तरांची नडगी, सुरीचा ओरखडा. आणि निकाल बरोबरीचा. एकीच्या डोक्यावर मासळीची भरलेली टोपली, दुसरीच्या रिकामी, आणि दोघी एकाच वेळी बाजारात पोचल्या. कुणाचे पाय चांगले, हे सांगायला एम.एस्सी. लागत नाही.
तिची पट्टी चांगली आहे. तिची पट्टी माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि हे साऱ्या जगात फक्त मला माहीत आहे.
दुपारी सहाजणांचं ड्रेसिंग होतं. सहाही जुनी. पेरॉक्साइडचा फेस. एक बाई दात खाऊन बसली होती. मी पाहिलं, आणि ओढली पट्टी. सरांनी चालू ठेवलंय ना.

मंगळवार, १ एप्रिल
के. कागद घेऊन आली. पुण्याला परिषद आहे, तिथे आपला अभ्यास लावायचा. वर दोन नावं. तिचं आणि माझं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, सिस्टर, पाकिटं तुम्ही सांभाळली नसतीत तर हे झालंच नसतं, मी तसं आत लिहिलंय.
वाचलं. लिहिलंय खरंच. पाकिटं ज्येष्ठ परिचारिकेच्या ताब्यात होती. छापील अक्षरात माझं नाव पहिल्यांदाच बघितलं, लग्नपत्रिका सोडली तर. किती सुंदर दिसत होतं. दोन मिनिटं मी नुसती सुखात होते, हे लिहिलं पाहिजे.
ते वाचून बाकीचे दवाखानेही नवी पट्टी नको म्हणतील. शुक्रवारपर्यंत सही हवी आहे.

गुरुवार, ३ एप्रिल
सांगितलं.
ड्रेसिंगच्या खोलीत, दार लावून. दिवा लावून दाखवला, उरलेलं एक पाकीट त्याच्यावर धरलं. ती बघत राहिली. मला वाटलं रडेल, ओरडेल, सरांकडे जाईल. मी त्याची तयारी केली होती, उत्तरं पण केली होती. तिने एवढंच विचारलं, "किती जणांचं?"
मला नक्की आकडा येईना. दहा? जास्त? तिने पेन काढलं होतं, ते परत ठेवलं. कुठे लिहिलेलं आहे का, तिने विचारलं. म्हटलं, माझ्या रोजनिशीत आहे, त्या त्या दिवशी, नंबरासकट.
"मग ती लागेल मला."
म्हटलं, नावं आणि नंबर उतरवून देते. ती म्हणाली, "उतरवलेलं नको, सिस्टर. मूळ लागतं. त्या त्या वेळी लिहिलेलं असेल तरच कुणी खरं धरेल. नाहीतर सगळे अंगठे, टाचा, सगळं फुकट." आवाज पहिल्यांदाच हलला.
मी दिवा मालवला. तिला कळलं असावं. दाराशी जाऊन म्हणाली, त्यात माझ्याबद्दल काही असेल तर तेवढं मी वाचणार नाही.
इथेही चांगुलपणा तिचाच. मला कधी पुढे येऊच द्यायचं नाही का?

शनिवार, ५ एप्रिल
सही केली नाही. के.ने पुण्याला कळवलं, कागद मागे घेतलाय. सरांना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी दहाला दोघी मिळून जाऊ म्हणाली, वहीसकट. वही असेल तर हिशोब नव्याने मांडता येईल का, निदान काय बिघडलं ते खरं सांगता येईल का, हे तिच्या कॉलेजच्या मॅडम बघतील. नसेल तर सगळा अभ्यास रद्द, आणि जुनी पट्टी चालू. म्हणजे सरांपाठोपाठ त्या मॅडमही वाचणार. नोकरीचं काय होईल माहीत नाही. ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ सुपारी कातरत बसले, मग म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून केलं नाहीस ना? नाही म्हटलं. मग विचारतेस कुणाला, म्हणाले.

रविवार, ६ एप्रिल
पहिल्या पानापासून वाचली. फक्त पाकिटांची पानं वेगळी काढता येतील का बघत होते. येत नाहीत. १४च्या पानावर आहे की तिला खरी जखम कळू दे. १७, १८च्या खाली ह्यांचं बोलणं. २९ फिरवलं त्याच पानावर साडी. जिथे नंबर तिथे माझा जळफळाट, एकाच शाईत. खोडलं तर ती म्हणेल, खोडलेल्या कागदावर कोण विश्वास ठेवणार. बरोबरच म्हणेल.
सकाळी जनार्दनकाका पट्टीला घरीच आले होते. आधीची पट्टी सलाईनने भिजवून काढली, धुतलं, मऊ पट्टी बांधली, के.कडून मागून आणलेली. काढताना त्यांना कळलंसुद्धा नाही. म्हणाले, आज तुजा हात हलका लागला. मी रडले. मला माझ्या चुकीचा मनापासून पश्चात्ताप झाला आहे, केतकी चांगली मुलगी आहे, तिच्याबद्दल माझ्या मनात आता काही नाही.
ह्या शेवटच्या ओळी परत वाचल्या. ह्या मी ती वाचेल म्हणून लिहिल्या आहेत. काका आले होते, पट्टी बांधली, ते खरं. रडले नाही.
म्हणजे कालपर्यंतचंच खरं धरायचं. आजचं नाही. देणार की नाही ते अजून ठरत नाही, आणि ठरेपर्यंत इथे काही लिहिण्यात अर्थ नाही.